मृणालचं प्रवाळ आणि अण्णाची शरम

‘ताई, अण्णा गेले…’ मृणालचा फोन आला तेव्हा मी लष्कर मोहल्ल्यातल्या माझ्या घरी कुकर लावत होते. मृणाल बोगादीला अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, शेजारी राहते. पुण्याहून नोकरीसाठी इथे म्हैसूरला आली आणि त्याच्या घरचीच झाली. सकाळी चहा घेऊन गेली, तर तो खुर्चीतच शांत झालेला. आता महिना होत आला. लोक भेटायला येतात, त्याच्या सरळपणाचं कौतुक करतात. मी मान हलवते. पण डोळ्यांसमोर येतो तो शरमेनं मान खाली घातलेला अण्णा…

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याला समुद्री टाकीचा नाद लागला. खारं पाणी, रंगीत मासे, दगडांवर जिवंत प्रवाळ. आईच्या आजारपणामुळे मृणालला काही महिने पुण्याला जावं लागलं, तेव्हा आपली टाकी मोडून तिनं तिचं प्रवाळ अण्णाच्या टाकीत ठेवलं. छत्रीसारखं, मऊ, पाण्यात असंख्य बोटं हलवणारं. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून तिनं ते वाढवलेलं.

अण्णाला मासे उपाशी बघवत नसत. खाणं जास्त पडायचं, त्यानं पाण्यातलं फॉस्फेट वाढलं आणि काचेवर हिरवं शेवाळ धरलं. मृणाल परतायच्या आत टाकी लख्ख हवी, म्हणून त्यानं फॉस्फेट शोषून घेणारे, गंजाच्या रंगाचे दाणे मागवले. आधी धुवा, थोड्यापासून सुरुवात करा, पाणी तपासत राहा, असं पाकिटावर लिहिलेलं होतं. अण्णानं न धुताच सगळं पाकीट फिल्टरमध्ये ओतलं. पाणी आधी विटकरी झालं, मग काचेसारखं स्वच्छ. ‘नोडु शालू, नोडु!’ माझा हात धरून दाखवत होता, बघ, बघ म्हणून. पण थोडं फॉस्फेट प्रवाळालाही लागतं, आणि ते असं एकदम ओढून घेतलं की त्याला सोसत नाही. छत्री मिटली, कडेनं झडायला लागली, आणि शेवटी नुसता चिकट गोळा उरला. ‘अय्यो, सुम्ने, असंच ओतलं ग मी… काही विचारच केला नाही,’ एवढंच तो म्हणत राहिला.

त्याच आठवड्यात मृणालनं प्रवाळाचा फोटो मागितला. अण्णानं जुना पाठवला. मग टाकीवर चादर टाकली आणि कुणी आलं की व्हरांड्यातूनच बोळवण करू लागला. ‘सांगून टाक तिला,’ मी म्हणायचे. ‘तिची आई आजारी, कसं सांगू?’ ते कारण खरं होतं आणि खोटंही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मृणाल आली ती हातात बाकरवडीचा पुडा घेऊन. अण्णा चादरीसमोर हात जोडून उभा राहिला. ‘तुझं प्रवाळ मी मारलं, मृणाल. ते चुकून झालं. पण फोटो जुना होता, तो मुद्दाम पाठवला.’ ती खाली बसली. मान खाली घालून पुडा मांडीवर धरून राहिली.

त्यानंतर कुणी टाकीबद्दल विचारायला आलं की अण्णा आधी हीच गोष्ट ऐकवी, फोटोच्या लबाडीसकट. मग सांगे, दाणे शुद्ध पाण्यात गाळ जाईपर्यंत धुवायचे, पाकिटावर सांगितल्याच्या निम्म्याहून कमी घ्यायचे, फॉस्फेट मोजत राहायचं, शून्यावर आणायचं नाही. मी ओशाळून जायचे. चारचौघांत कशाला, म्हणायचे. ‘लाज वाटते ना, म्हणूनच सांगतो,’ तो म्हणे. ‘गप्प बसलो तर त्यांचंही मरेल.’

परवा मृणाल आणि मी अण्णाच्या टाकीचं पाणी बदलत होतो. त्या फोटोचं अण्णानं फार मनाला लावून घेतलं होतं, असं मी सहज म्हणाले. ती थबकली.

‘ताई, तो फोटो मीच काढलेला होता. बघताक्षणी ओळखला.’

‘मग तेव्हाच बोलली का नाहीस?’

‘राग आला होता. म्हटलं, बघू या किती दिवस लपवतात… आणि मग ते हात जोडून समोर उभे राहिले. माझी मानच वर होईना. मला माहीत होतं, हे त्यांना कधी सांगितलंच नाही मी.’

मी नळी बादलीत सोडली. दुसरं टोक टाकीच्या पाण्यात धरून ती पाठमोरीच उभी राहिली.