करवतीवरची सुई

अगं, उंबऱ्यात काय उभी राहतेस, पुढे ये, माझ्याजवळ बस. तू कापलेल्या फळीच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्यात आणि तू लाकडाला नावं ठेवतेस? करवतीचे दात बघितलेस का आधी? नाही ना? मग ऐक.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं सांगते. भडगावात आमचं सुताराचं घर, मी नवी सून. एका वकिलाच्या बैठकीत भिंतीला छातीइतक्या उंच सागवानी फळ्या लावायचं काम सासऱ्यांकडे आलं होतं. सगळ्या फळ्या एकाच झाडाच्या, सातपुड्यातल्या. शेवटच्या दोन राहिल्या, त्यातली एक सासऱ्यांनी कापली तर कडेचे ढलपेच निघाले. उरली एकच. तीही बिघडली तर तसा रंग, तशा रेघा कुठून आणायच्या? आणि गावात आधीच कुजबुज होती, म्हाताऱ्याचा हात गेला म्हणून.

सासरे करवत टाकून ओट्यावर जाऊन बसले. सासूबाईंनी करवत उचलली, उजेडाकडे धरून एका डोळ्यानं पाहिली. म्हणाल्या, "तुमना हात वाकडा नही, दात वाकडा शे." मी गोधडी शिवत होते. माझ्या हातातली सुई त्यांनी मागून घेतली.

"फळीले टाका घालशी का?" सासरे चिडले.

"आधी देखा, मंग बोला."

करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे झुकलेले असतात ना, म्हणून मधे बारीकशी पन्हळ होते. तिच्यात त्यांनी सुई ठेवली आणि करवत जरा कलती केली. सुई चार बोटं घसरली नि पडली. तिथला दात त्यांनी ओळीत आणला, कानस मारली. पुन्हा सुई. दुपार गेली बाई त्यात! शेवटी या टोकाची सुई त्या टोकाला सुळकन गेली.

मग सासऱ्यांनी चाकूनं रेघ ओढली आणि श्वास धरून फळी कापली. मी कडेवरून पदर फिरवला, एकही धागा अडकला नाही.

फळी बसली त्या दिवशी आम्ही दोघी भाकरी घेऊन गेलो होतो. वकील म्हणाले, "आबा, हात अजून पक्का आहे हं." सासरे चारचौघांत म्हणाले, "करवत मन्ही घरवालीनी पाजळेल शे." तेव्हा असं कोण बोलायचं गं? सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू दिसलंच मला.

पुढे करवत टांगायची खुंटीच माजघरात, आम्हा बायकांच्या हाताशी आली, आणि सासूबाईंची ती पारख माझ्या हातात. आता तुझी करवत घेऊन लवकर ये बाई. उन्हाचीच ये, म्हणजे सुई दिसेल मला.