पाण्याच्या गटातले

सत्तरच्या दशकात मी नागपूरला एम. फार्म. करत होते. प्रबंधासाठी सरांनी विषय दिला होता : ब्राह्मीनं झोप येते का. ब्राह्मी आमच्या रामटेककडच्या गावात तळ्याकाठी ओलाव्यात पसरलेली असायची, त्यामुळे माल घरचाच होता. बाबा ती खुडून, सावलीत वाळवून पाठवत. मी तिचा अर्क काढून पांढऱ्या उंदरांना पाजत असे. उंदरांचे दोन गट होते. एका गटाला अर्क, दुसऱ्याला नुसतं पाणी. मग एकेकाला काचेच्या पेटीत सोडून तो किती फिरतो ते बघायचं. अर्क घेतलेले सुस्तावले आणि पाणी प्यायलेले हुंदडले की ब्राह्मीत काही तरी आहे, असा साधा हिशोब होता.

पण काम सुरू होईपर्यंत मे महिना लागला. पत्र्याखालच्या त्या खोलीत अर्क प्यायलेले उंदीर पाय पसरून पडले, आणि मला फार आनंद झाला. नंतर पाणी प्यायलेले सोडले, तर तेही तसेच पडले. मी रडवेली होऊन सरांकडे गेले. सर आले, दोन्ही गटांच्या पेट्यांत डोकावले आणि म्हणाले, "बाई, मग आपण नागपूरच्या उन्हाचाच अर्क काढू. तोच जास्त गुणकारी दिसतो."

विभागात एकच कूलर होता आणि तो सरांच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो उचलून उंदरांच्या खोलीत लावायला सांगितला आणि स्वतः डोक्यावर ओला पंचा टाकून पंख्याखाली बसू लागले. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकायला लागलं, खोली गार झाली, आणि पाण्याच्या गटातले उंदीर पेटीभर धावू लागले. अर्कवाले मात्र एका कोपऱ्यात गोळा होऊन बसत. त्या आठवड्यापासून विभागातल्या प्रत्येकाला माझ्या कामात अचानक रस वाटू लागला. जो तो दुपारी चौकशीला यायचा आणि कूलरपुढे उभा राहायचा.

पुढची पायरी खऱ्या झोपेची होती. सगळ्यांना झोपेचं ठरावीक इंजेक्शन द्यायचं आणि ब्राह्मीवाले जास्त वेळ झोपतात का ते पाहायचं. तो प्रयोग लावला त्याच दिवशी ब्राह्मीची नवी पिशवी घेऊन बाबा आले. प्रयोगशाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती. चपला दाराबाहेर काढून, टोपी हातात धरून ते आत आले. मी तेव्हा एक उंदीर पाठीवर उताणा ठेवत होते.

"मेला का वं हा?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही बाबा, झोपला. उताणा ठेवल्यावर पालथा झाला नाही, म्हणजे झोप लागली."

"मंग तू त्याले झोपू दे ना. घडीघडी काहून त्रास देऊन राहिली?"

मी म्हटलं, तो जागा कधी होतो ते कळायला हवं. मग बाबाही स्टूल ओढून बसले. पाणीवाले एकेक करून उठले, मिशा पुसून दाणे कुरतडू लागले. ब्राह्मीवाले झोपलेलेच होते. बाबा त्यांच्याकडे असे टक लावून बघत होते, जणू ते सगळे घरचे पाहुणे आहेत आणि कोणी त्यांची झोप मोडू नये. शेवटी त्यातला एक कुशीवर वळला, धडपडत उभा राहिला आणि स्वतःशीच दोनदा शिंकला. बाबा इतके हसले की डोळे पुसायला त्यांना टोपी वापरावी लागली.

तेवढ्यात मला वजनं करायला शेजारच्या खोलीत जावं लागलं. परत आले तर बाबा कूलरसमोरच्या बाकावर गाढ झोपलेले आणि सर त्यांच्याजवळ उभे.

"यांना किती अर्क दिलात?" सरांनी कुजबुजत विचारलं.

"काहीच नाही, सर. हे पाण्याच्या गटातले. मघाशी माठातलं एक गडू पाणी प्यायले, तेवढंच."

सर तोंडावर हात धरून बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांचं हसू किती तरी वेळ ऐकू येत होतं.

प्रयोग पुन्हा करून पाहिला, तरी निकाल तोच आला : ब्राह्मीवालेच जास्त वेळ झोपले. प्रबंध मंजूर झाला, आणि दिवाळीत मी गावी गेले तोवर बाबांनी ही हकिगत घराघरांत पोचवली होती. शेजारची काकू अंगणातच वाट बघत होती. तिचा नवरा रात्रभर जागा राहून तिच्याशी बोलत बसायचा.

"माझ्या म्हाताऱ्याले देऊन पाहू का वं तुझं औषध?"

"काकू, अजून ते फक्त उंदरांवर पाहिलंय. माणसाला देता येत नाही."

काकूनं थोडा विचार केला. "तो बी आता उंदराएवढाच राहिला आहे," ती म्हणाली.

काका ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. सगळ्यांत आधी तेच हसले.