भरिताचं आडनाव

रविवारच्या शेतकरी बाजारात गेलो की माझं डोकं फिरतं. तिथला भोंगा दिवसभर "आपली माती, आपली चव" म्हणून कोकलत असतो. कोणाची माती आणि कोणाची चव, ते मला विचारा.

आमचं शेत देऊळघाटकडे. तिथली हिरवी वांगी माझी वहिनी कितीतरी वर्षं या बाजारात विकते. टोपली उतरायच्या आधी गिऱ्हाईक उभं असतं. गेल्या हिवाळ्यात तिनं ठरवलं, आता भरीतही करायचं. नुसती वांगी विकून तिचं मन भरत नव्हतं. आपल्या हातचं लोकांनी खावं, अशी तिची फार इच्छा होती. पहाटे उठून तिनं तुरीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्यांसोबत कुटली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले. सोबत कळण्याच्या भाकरी. बाजारात टोपलीशेजारी पातेलं मांडलं, झाकण काढलं, आणि येणारे-जाणारे थबकायला लागले.

पहिल्या आल्या त्या आमच्या नेहमीच्या बाई. दर रविवारी वांगी नेतात, वहिनीला ताई म्हणतात. त्यांनी द्रोण हातात घेतला आणि विचारलं, "तुम्हीच केलं का? आडनाव काय हो तुमचं?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. कच्च्या वांग्याला आडनाव लागत नाही.

वहिनीनं सांगितलं. आम्ही बौद्ध, हे आमच्या आडनावावरून इथं कोणालाही कळतं. बाईंनी द्रोण अलगद खाली ठेवला. "येते फिरून," म्हणाल्या. त्यांच्यामागे उभे असलेलेही फिरायला गेले. दुपारपर्यंत सगळा बाजार फिरतच होता. शेजारच्या दुकानात मात्र भरिताला गर्दी, आणि त्या भरिताची वांगी सकाळी आमच्याच टोपलीतून गेलेली. माझ्या अंगाची लाही झाली. मी तणतणत उठलो, तर वहिनीनं हात धरून खाली बसवलं. "लोकाईले जबरदस्तीनं चारता का भाऊजी? बसा गुमान."

बाजार उठायच्या वेळी त्या बाई खरंच फिरून आल्या. पिशवी पुढे करून म्हणाल्या, "वांगी द्या ताई, नेहमीसारखी." वहिनीनं सवयीनं तोलून पिशवीत घातली. मग भरल्या पातेल्याकडे बघत तिनं विचारलं, "हे वांगे बी म्याच लावले, म्याच तोडले. हे कसे चालतात तुमाले?"

"ती काय, धुऊन घेते ना मी," बाई अगदी सहज म्हणाल्या.

वहिनीनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि टोपलीत पालथी केली.