मधली बाटली

मार्थावहिनींचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई गेल्या हो..." एवढंच त्या बोलल्या. त्यांची नणंद रेबेका, आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण. तिला जाऊन आता महिना होईल.

समुद्रापासून इतक्या लांब आमच्या शेवगावात राहून समुद्रातल्या जंतांच्या मागे लागायला हट्टच लागतो. शिंपल्याच्या मांसात एक बारीक अळी असते. कासव शिंपला खातं आणि त्याच्या पोटात तिचा जाड जंत होतो. हे पुस्तकात होतंच. रेबेकाला ती अळी कात टाकून वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. खिडकीत तिने तीन बाटल्या मांडलेल्या. एका टोकाला शिंपल्यातली अळी, दुसऱ्या टोकाला वाहून आलेल्या मेलेल्या कासवातला, वनखात्याच्या परवानगीने काढलेला जंत. मधली रिकामी, कात टाकलेल्या अळीसाठी राखलेली. दर सुट्टीत ती एसटीने कोकणात जायची आणि शिंपले, समुद्राच्या पाण्याचा कॅन घेऊन यायची. शेजारी चिडवायचे, "जंतासाठी एवढ्या लांब? आमच्या शेरडांत लई हायेत की!" ती म्हणायची, "तेही आणा."

एकदा जमतच आलं होतं. समुद्राच्या पाण्याच्या बशीत ठेवलेली एक अळी कात टाकायच्या बेतात होती. रेबेका चर्चला गेली आणि वहिनींनी वास येतो म्हणून बशीतलं पाणी बदललं. मी तिच्याबरोबरच घरी आले, तर अळ्या मेलेल्या. "आपल्या बोरचं पानी बी खारंच हाय की, ताई! त्यानं चहा सुदिक फाटतो," वहिनी रडवेल्या झाल्या. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे बोरचंच. समुद्र कुणी पाहिलाय? माझं डोकं तापलं. रेबेकाने मात्र कॅनमधलं थोडं पाणी वहिनींच्या तळहातावर ओतलं. "चाखा." वहिनींनी असं तोंड केलं की तिघीही हसत सुटलो. "दिवाळीत पुन्हा आणू," ती म्हणाली.

दिवाळीआधीच तिने अंथरूण धरलं. शेवटच्या भेटीत आवाज पार खोल गेला होता, तरी तिने बजावलं, "मधली बाटली रिकामी आहे म्हणून फेकू नका." मला अजून तिचा राग येतो. इतकं जवळ येऊन अशी कशी गेली...

प्रार्थनासभेनंतर आवराआवर करताना मी ती बाटली उचलली. वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि पुन्हा दोन्ही बाटल्यांच्या मधे ठेवली. येत्या सुट्टीत मी कोकणात जाणार आहे. वहिनींनीही पिशवी भरलीय. कॅन धुऊन दारात उपडा घातलाय.

"पानी मी भरनार," त्यांनी मला ठणकावलं. "आन् या बारीला ते कुनालाच बदलू द्यायची न्हाई."