निजलेल्या निलगिऱ्या

सुवर्णाकाकू एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायच्या नाहीत. पण मोरेश्वरकाका गेल्यापासून त्यांचा हा हट्ट मऊ पडला होता. म्हणून तर त्यांचा मुलगा केदार मिशिगनमधल्या नोव्हायहून आला आणि सगळं ठरवून मोकळा झाला, तरी काकू मुकाट्याने हो म्हणाल्या. आधी मागच्या अंगणातल्या तीन निलगिऱ्या पाडायच्या, मग घर विकायचं, मग काकूंनी कायमचं नोव्हायला जायचं.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून डोंगर ओलांडला की समुद्राकाठी हे घर. धुकं आणि निलगिरीचा वास सकाळपासून दाराशी बसलेले. कुणाला सर्दी झाली की सगळी मराठी मंडळी वाफेसाठी पाला न्यायला इथेच यायची. काका पाला फुकट द्यायचे आणि वर तासभर गप्पा! त्या घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

"आई, ही इथली झाडं नव्हेतच. बाहेरून आणलेली. पटकन पेट घेतात. आणि बघ ना, वाळायला लागलीयत," केदार म्हणाला.

वरच्या फांद्यांना खरंच तपकिरी पानांचे घोस लटकत होते. काका गेले, आता झाडंही चालली, असं काकूंना वाटलं.

झाडं तोडणारे ट्रॅफिकमध्ये अडकले आणि पोचले तेव्हा दिवस मावळत होता. करवत गाडीतून निघाली मात्र, काकू आडव्या आल्या.

"तिन्हीसांज झालीय. झाडं निजली. आता पानालासुद्धा हात लावायचा नाही."

"आई, हे कॅलिफोर्निया आहे!"

"मग? इथली झाडं काय नाइट शिफ्ट करतात?"

केदारने नाइलाजाने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा मुकादम हसला, उद्या येतो म्हणाला आणि माणसं घेऊन गेला. केदार चरफडत आत गेला.

सकाळी काकू हळदकुंकवाचा करंडा घेऊन झाडांखाली आल्या. तोडण्याआधी झाडाची माफी मागायची, एवढं तरी त्यांच्या हातात होतं. धुकं सावकाश विरत होतं. ऊन वरच्या फांदीला लागलं आणि एक वाळकं पान उघडलं. आतून केशरी! मग शेजारचं उघडलं, मग अख्खा घोस, मग फांदीच्या फांदी. कुणीतरी लांबवर रेशमी लुगडं झटकत असावं तसा आवाज येत होता. आपण अजून झोपेतच आहोत, असं काकूंना वाटलं. एक फुलपाखरू खाली आलं आणि करंड्याच्या काठावर बसलं.

"अगं बाई!" काकू पुटपुटल्या, आणि रडूच लागल्या.

केदार कॉफीचा कप घेऊन बाहेर आला आणि तसाच उभा राहिला.

"मोनार्क फुलपाखरं! पलीकडचं निलगिरीचं बन उन्हाळ्यात तोडलं म्हणालीस ना, म्हणून इकडे आली." त्याने फोनवर वाचलं. "थंडीभर राहतात. इथून गेलेली परत येत नाहीत, आई. त्यांची नातवंडं, पणतवंडं येतात. कधी न पाहिलेल्या झाडांवर."

"आणि ती इतक्या लांबून आली, आणि झाडच नसलं तर?"

केदार वर बघत राहिला. मग त्याने मुकादमाला फोन लावला आणि काम कॅन्सल केलं.

"आणि घर?" काकूंनी भीत भीत विचारलं.

"मागची खोली आवरून ठेव," तो म्हणाला. "थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत उर्वीला घेऊन येतो. तुझ्या नातीने हे घर अजून पाहिलेलंच नाही."