ठोकमामी आणि अंबाडीचा पाय

धाडच्या बाजारात आमची मामी दिसली की कुंभार आपली मडकी मागे ओढायचे. मडकं असो, टरबूज असो, बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून ऐकल्याशिवाय ती काही घेत नसे. आम्ही तिला ठोकमामी म्हणायचो. माणसांवरही तिचा विश्वास बेताचाच. कुणी जरा गोड बोललं की म्हणायची, "आतून पोकळ हाये."

मामांचा पाय गुडघ्याखाली कापसाच्या जिनिंग गिरणीत, यंत्राच्या पट्ट्यात गेला. लाकडी पाय इतका जड की तो लावून ते ओट्यापुढे जात नसत, आणि ते पडतील या धास्तीने मामीही जाऊ देत नसे. माझा थोरला भाऊ मुंबईला होड्यांच्या कारखान्यात काचेचं कापड राळेत भिजवून थरावर थर चढवायला शिकला होता. हलकं आणि मजबूत काम. पण काचेचं कापड आम्हाला कुठलं परवडायला! मामांना तसाच हलका पाय करायला दादाने गावच्या अंबाडीचे धागे घेतले, मातीचा साचा केला आणि राळ घट्ट करायचं भट्टीचं काम वैशाखातल्या उन्हावर सोपवलं.

"इतक्या सस्त्यात काऊन होऊन राह्यलं?" मामीचे डोळे बारीक झाले. "काहीतरी मेख हाये."

पाय तयार झाला. मामीने तो वरपासून खालपर्यंत ठोकला आणि घोट्यापाशी थांबली. "इथं बद्द बोलते."

"मामी, हे मडकं नाही!" दादा भडकला. रागारागाने त्याने तिथेच करवत चालवली. आत अंबाडी दमट राहिलेली. राळ धरलीच नव्हती. मग दादा दोन दिवस धागे टिनाच्या पत्र्यावर कुरकुरीत वाळवून पुन्हा कामाला बसला.

दुसऱ्या पायात मामीला खोट सापडेना. "सापडत नाही म्हंजे मोठी असन," म्हणाली. मामा पहिल्यांदा बाजाराला निघाले तर ही मागे मागे.

"अवं, पुढं चाल ना!"

"तुमी चाला. मी आयकून राह्यली."

त्या पायावर मामा शेवटपर्यंत हिंडले, एकदाही पडले नाहीत. मामीची शंका म्हणजे तिचं प्रेमच होतं, पण तसं तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

मामा गेल्यावर जानेफळहून एक जण आला. त्याचाही पाय तसाच गेलेला. खुंटीला टांगलेला मामांचा पाय मागत होता. मामीने तो काढला, ठोकला, बराच वेळ कान लावून बसली.

"नाई देत. आवाज बदलला याचा. पडसान बाप्पा." मग तो परत खुंटीला अडकवून दादाकडे वळली, "याले नवा करून दे. अंबाडी नीट वाळव."

ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी खुंटीवरचा पाय हळूच ठोकून पाहिला. अगदी ठणठणीत होता.