स्वस्त मेथी

चालण्यात किती पैसा आहे हे अख्ख्या अकोल्यात फक्त आमच्या शेजारच्या काकांना कळलं होतं, असं माझं आजही ठाम मत आहे. उभा जन्म त्यांनी कापसाची प्रत ठरवण्यात घालवला. निवृत्तीनंतर ते माणसांची चाल पाहून प्रत ठरवू लागले. पहाटे सहा-सात म्हाताऱ्यांना गोळा करून कृषी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत न्यायचे. कुणी लंगडत आला की दोन बोटांत धागा ओढल्यासारखं करून म्हणायचे, "माल थोडा ओला हाय." एखाद्यानं दांडी मारली तर थेट त्याच्या दारात: "काहून, डाक्टरच्या पोराची फी तुलेच भरायची हाय का?" कापसानं मार खाल्लेली ती वर्षं. शहरातल्या निम्म्या घरांची चूलही गावच्या शेतावरच पेटायची, त्यामुळे औषधाचा खर्च वाचेल म्हटलं की म्हातारे मुकाट्यानं चपला घालत.

एका माणसापुढे मात्र हे अर्थशास्त्र लुळं पडलं. काकू न्हाणीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं, जुळलंही; पण त्या खाटेवरून उठेनात. चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "बिनकामाची कशाले फिरू मी?" हा काकूंचा एकच सवाल. मग एका संध्याकाळी काका सहज म्हणाले, "चौकातल्या हमीदभाईकडे मेथी दोन रुपयानं सस्ती हाय म्हंतेत." काकूंनी काठी मागितली.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी हमीदभाईची हातगाडी थोडी थोडी लांब सरकत गेली. एकदा मी त्याला काकूंचा भाव मागितला. तो हसला. "वो भाव काकाजी का है. ऊपर के पैसे वो सुबे दे जाते." जगाला काटकसर शिकवणारा हा माणूस बायकोच्या चालण्यापायी रोज गुपचूप पदरचे पैसे घालत होता. मी कुणाला बोललो नाही.

काका गेले. आता काकू पुन्हा खाट धरतील असं मला वाटलं. तेरवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या काठी घेऊन दारात उभ्या. मी सोबत गेलो. हमीदभाईनं जुनाच स्वस्त भाव सांगितला. काकूंनी बाजारभावानं पूर्ण पैसे दिले.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," त्या मला म्हणाल्या. "पन मी मेथी घेऊन आली का त्याईचा चेहरा असा फुले. मंग काहून सांगाचं?"

सवयीनं त्यांनी दोन जुड्या घेतल्या होत्या. एक माझ्या हातात दिली, आणि आम्ही लांबच्या रस्त्यानं घरी आलो.